कॅथलिक परिचारिकेने असोसिएशनच्या निवडणुकीला उभं राहावं का, आणि राहायचं तर कसं?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. विचारणाऱ्या सिस्टर वसईच्या आहेत, मराठी कॅथलिक. मुंबईत धर्मभगिनींनी चालवलेल्या एका रुग्णालयात त्या आयसीयूच्या इन्चार्ज आहेत. सहकारी मागे लागलेत की टीएनएआयच्या, म्हणजे ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया या परिचारिकांच्या संघटनेच्या, शाखेत सचिवपदाला उभ्या राहा. गावचे फादर म्हणतात, त्यापेक्षा कॅथलिक नर्सेस गिल्डचं काम घ्या. आणि असोसिएशनलाच उभं राहायचं असेल तर रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, घोषणा करू, आपली मतं फुटणार नाहीत. तिकडे चेंजिंग रूममध्ये कुणीतरी ऐकवलंय, "मिशनवाल्यांच्या हातात संघटना दिली की झालं." शेवटचा प्रश्न असा, की कॅथलिक म्हणून उभी राहू, की नुसती नर्स म्हणून?

मी अधिसेविका म्हणून निवृत्त झाले. कॅथलिक आहे, वसईचीच. शाखेच्या कार्यकारिणीत काम केलंय आणि पुढे निवडणूक अधिकारी म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसलेय. म्हणून अर्ज, पॅनल, रुसवेफुगवे हे सगळं जवळून बघितलंय.

तुमचा शेवटचा प्रश्न मला तितकासा अडचणीचा वाटत नाही. तुम्ही कॅथलिक आहात हे नावावरूनच कळतं, ते लपवायचंही नाही आणि मिरवायचंही नाही. खरी अडचण तुम्ही वाक्यात जाता जाता सांगून टाकलीत: तुमचं रुग्णालय धर्मभगिनींचं आहे. म्हणजे तुमची मालक संस्था आणि तुमची धर्मसंस्था एकाच घरातल्या. असोसिएशनची सचिव परिचारिकांच्या बाजूने बोलते, आणि बोलायची वेळ येते ती बहुतेकदा रुग्णालयाच्या व्यवस्थापनासमोर. ज्या दिवशी समोर एखादी मदर सुपीरियर बसलेली असेल, त्या दिवशी तुम्ही काय बोलाल? चेंजिंग रूममधल्या त्या बाईच्या टोमण्यात दुष्टावा आहे, पण त्याच्या तळाशी हा रास्त प्रश्नही आहे.

हे किती खरं आहे ते पगाराच्या उदाहरणावरून बघा. टीएनएआयने २०११ साली खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगार आणि कामाच्या परिस्थितीसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने शिफारस केली ती अशी: २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर पगार राज्य सरकारच्या परिचारिकेइतका, १०० ते २०० खाटांना सरकारी पगारापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि त्याहून लहान रुग्णालयात कुठल्याही परिस्थितीत २० हजारांच्या खाली नाही. अंमलबजावणी राज्यांवर सोडली, आणि ती कितपत झाली हे प्रत्येकीला आपल्या पगाराच्या स्लिपवर दिसतंच.

आता मिशनची रुग्णालयं घ्या. त्यातली बरीच १०० ते २०० खाटांची. गरिबांना सवलत देतात, म्हणून हातात पैसा कमी असतो, आणि व्यवस्थापन अगदी प्रामाणिकपणे म्हणतं, "आपण सेवा करतोय ना?" त्या "आपण"मध्ये धर्मभगिनीही येते आणि दोन मुलांची आई असलेली, विरारहून लोकलने येणारी स्टाफ नर्सही येते. पण धर्मभगिनीचं जेवण, राहणं, म्हातारपण तिची संस्था बघते. स्टाफ नर्सचं कोण बघणार? हा भेद तुम्हाला कॅथलिक म्हणून बाहेरच्या कुणाहीपेक्षा जास्त कळतो, आणि मदरना न दुखावता तो सांगण्याची भाषाही तुमच्याकडेच असते. म्हणून मी तर म्हणेन की तुम्ही उभ्या राहिलात तर संघटनेचा फायदाच आहे. फक्त हे आधी बोलून घ्या. व्यवस्थापनाला भेटून सरळ सांगा की मी उभी राहतेय, निवडून आले तर खाटांप्रमाणे पगार हा विषय माझ्याकडे येणार, आणि आपल्या रुग्णालयाचा विषय आला तर त्या बैठकीत मी कुणाच्याच बाजूने बोलणार नाही, दुसरी पदाधिकारी बोलेल. हेच मतदारांनाही सांगा. ज्यांना हे सांगायची छाती होत नाही त्यांनी उभं राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मग त्या कुठल्याही धर्माच्या असोत.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग आहेच. तुमची नोकरी कायम आहे की करारावर, घरात तुमच्या पगाराशिवाय दुसरा आधार आहे का, मेट्रन तुमच्या पाठीशी आहे का, हे मला माहीत नाही. कराराची नोकरी असेल आणि करार वर्षाअखेर संपत असेल, तर नूतनीकरणाआधी उभं राहण्याची घाई करू नका. हे भित्रेपणाचं वाटेल, पण निवडून आल्यावर तीन महिन्यांत नोकरी बदलून गावी गेलेल्या पदाधिकाऱ्यांनी शाखेचं जेवढं नुकसान केलंय तेवढं विरोधकांनी केलेलं नाही.

आता गिल्ड की असोसिएशन. फादरांनी हा पर्याय काही वाईट मनाने दिलेला नाही, पण या दोन संस्थांची कामंच वेगळी आहेत. टीएनएआयचं मूळ १९०५ साली लखनौत सुरू झालेल्या नर्सिंग सुपरिंटेंडेंटच्या संघटनेत आहे. १९०८ मध्ये ती सर्व प्रशिक्षित परिचारिकांची झाली. तिथे सभासद होण्यासाठी लागते ती परिचारिका म्हणून नोंदणी, धर्म कुणी विचारत नाही. गिल्ड ही श्रद्धेवर उभी असलेली संस्था आहे: आध्यात्मिक घडण, रिट्रीट म्हणजे प्रार्थना-चिंतनाची शिबिरं, परिचर्येतले नैतिक प्रश्न, एकट्या पडलेल्या मुलींना आधार. कॅथलिक आरोग्यसेवेची एक मोठी परंपरा तिच्या पाठीशी आहे. डॉक्टर असलेल्या धर्मभगिनी मेरी ग्लावरी यांनी १९४३ साली गुंटूरला कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभी केली, तीच आजची कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया. पण ती रुग्णालयांची संघटना आहे हे विसरू नका. गिल्डमध्ये राहून तुम्ही मदरांशी चहा पिताना पगाराचा विषय काढू शकता, मागणीपत्र देऊ शकत नाही. असोसिएशनमध्ये मागणीपत्र देऊ शकता, चहा मिळेलच असं नाही.

दोन्हीकडे सभासद राहायला काहीच हरकत नाही. दोन्हीकडे एकाच वेळी पद मात्र घेऊ नका. सचिवाचं काम म्हणजे इतिवृत्त, पत्रव्यवहार, सभासदांची यादी, हिशेबावर सही आणि दिल्लीच्या मुख्यालयाशी ईमेल. हे सगळं नाइट करून आल्यावर करायचं असतं. गिल्डची रिट्रीट आणि शाखेची वार्षिक सभा एकाच रविवारी आली की कुठेतरी शब्द मोडणार, आणि मोडला की लोक बरोबर म्हणणार, "बघा, शेवटी तिकडेच गेली."

मिस्सेनंतरच्या घोषणेबद्दल: नको. फादरांना आदराने सांगा, पण ठामपणे सांगा. तत्त्वाचं कारण बाजूला ठेवलं तरी साधा हिशेब करा. मुंबईतल्या कॅथलिक परिचारिका म्हणजे काही एक गठ्ठा नाही. केरळच्या मुली आहेत, त्यांच्यातल्या सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या पौर्वात्य कॅथलिक पंथातल्या, मुलींची कल्याणची धर्मप्रांतीय व्यवस्थाच १९८८ पासून वेगळी आहे. त्या वसईच्या मिस्सेला येतच नाहीत. मंगळूरच्या आहेत, गोव्याच्या आहेत, झारखंड-छत्तीसगडच्या आदिवासी मुली आहेत. या सगळ्यांना तुमच्या गावच्या घोषणेशी काय देणंघेणं? ज्या ऐकतील त्या तुमच्या मावशी, वहिनी, शेजारणी. त्यातल्या ज्या परिचारिका आहेत त्या तसंही तुम्हालाच मत देणार. आणि घोषणेची बातमी दुसऱ्या दिवशी सकाळच्या हँडओव्हरपर्यंत सगळ्या वॉर्डांत पोहोचलेली असेल. म्हणजे मिळालेलं मत एकही नाही, आणि गेलेली मतं बरीच.

वसईच्या मराठी कॅथलिक बाईची इथे एक गंमतशीर पंचाईत होते, ती बाहेरच्यांना कळत नाही. मराठी गट म्हणतो ती ख्रिस्ती, केरळी गट म्हणतो ती मराठी. शाखेच्या राजकारणात धर्मापेक्षा भाषा जास्त चालते, हे मी निवडणूक अधिकारी म्हणून पुन्हा पुन्हा पाहिलंय. पॅनल बनतात ती "आपल्या" आणि "त्यांच्या" मुलींची, आणि ते "आपल्या" म्हणजे बहुतेक वेळा जिच्याशी डब्यावर आपल्या भाषेत बोलता येतं ती. तुम्ही दोन्हीकडच्या डब्यावर बसू शकता. हे तुमचं सगळ्यात मोठं भांडवल आहे, आणि ते धर्माच्या नावाने मत मागून एका दिवसात उधळता येतं.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. त्यांच्या बाजूने जे उभे राहिले त्यांनी पुढे केलं ते त्यांचं मराठीतलं लेखन. आपल्या बाबतीत लेखनाच्या जागी काय आहे? तुम्ही किती मुलींची बाँडवर अडकवलेली सर्टिफिकिटं सोडवायला धावलात, ड्युटी रोस्टर कसं लावता, कोविडमध्ये कुणासाठी काय केलंत. उमेदवार म्हणून पुढे करायचं ते हे.

पॅरिशकडून, म्हणजे गावच्या चर्चच्या समाजाकडून, मतं घेऊ नका, पण पॅरिशने जे शिकवलं ते जरूर वापरा. आपल्याकडच्या बायका महिला मंडळात, गायनमंडळात, पतपेढीत वाढलेल्या असतात. इतिवृत्त लिहिणं, पावती फाडणं, ठरावाला सूचक-अनुमोदक लागतात हे माहीत असणं, यात आपण लहानपणापासून मुरलेलो असतो. वसईत पापडीला १९१८ साली सुरू झालेली बेसिन कॅथलिक बँक बघा. नावात कॅथलिक आहे, पण खातेदार सगळ्या जातिधर्मांचे, आणि लोक तिथे हिशेब चोख असतो म्हणून जातात. शाखेच्या सभेत ज्या दिवशी तुम्ही मागचं इतिवृत्त न अडखळता वाचून दाखवाल आणि शिल्लक रुपया-पैशासकट सांगाल, त्या दिवशी "मिशनवाली" हा शब्द निम्म्या जणींच्या तोंडून गेलेला असेल.

एक प्रश्न मात्र तुम्हाला नक्की विचारला जाईल, आणि त्याची तयारी करून जा: गर्भपात. एका उमेदवार परिचय सभेत मी हे पाहिलंय. नर्सिंग स्कूलचा हॉल, दुपारी अडीचची वेळ, सकाळची ड्युटी संपवून आलेल्या मुली समोसे हातात घेऊन मागच्या बाकांवर. महापालिकेच्या प्रसूतिगृहातली एक परिसेविका उठली आणि कॅथलिक उमेदवाराला म्हणाली, "आमच्याकडे रोज एमटीपी, म्हणजे गर्भपात, होतात. तुमच्या मते आम्ही पापी. मग आमच्या बदलीचं, आमच्या मेमोचं तुम्ही काय भांडणार?" हॉल शांत झाला. उमेदवाराने धर्मशिक्षण द्यायचा मोह टाळला. ती म्हणाली, "मी स्वतः ते काम करणार नाही, हे खरं आहे. तुम्हाला मेमो मिळाला तर तुमची फाइल माझ्याकडे बाकी फायलींसारखीच येईल, आणि मी तुमच्यासोबत साहेबांकडे येईन." परिसेविका बसली. पटलं की नाही ते माहीत नाही, पण पुढच्या रांगेतून कुणीतरी लगेच डबल ड्युटीच्या भत्त्याचा प्रश्न विचारला आणि सभा पुढे गेली.

या उत्तराला आधारही आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची २०२१ ची आचारसंहिता सांगते की परिचारिका सदसद्विवेकाला धरून एखाद्या प्रक्रियेत भाग घ्यायला नकार देऊ शकते, पण रुग्णाला वेळेवर आणि सन्मानाने सेवा मिळेल हे तिने पाहायचं असतं. आपल्या १९७१ च्या गर्भपात कायद्यात, २०२१ च्या दुरुस्तीनंतरही, परिचारिकेच्या नकाराबद्दल वेगळं कलम नाही. त्यामुळे सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयातल्या कॅथलिक मुलीला त्या टेबलावरून बदली हवी असेल तर तिला संघटनेचीच मदत लागते. म्हणजे सचिव म्हणून तुमच्याकडे दोन्ही प्रकारच्या फायली येऊ शकतात: जिला ते काम केल्याचा त्रास झाला ती, आणि जिला ते करायचं नाही ती. दोघींना सारखाच न्याय देता येईल का, हे रात्री शांतपणे स्वतःला विचारा. उत्तर "नाही" आलं तर गिल्डचं काम घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

तुम्ही प्रापंचिक आहात म्हणून पुढचं तुम्हाला लागू नाही, पण वाचणाऱ्यांमध्ये धर्मभगिनीही असतील. त्यांच्यासाठी धर्मसंस्थेचा कायदा वेगळा आहे. १९८३ च्या कॅनन संहितेचं ६७१ वं कलम सांगतं की व्रतस्थांनी स्वतःच्या संस्थेबाहेरचं पद वरिष्ठांच्या परवानगीशिवाय घेऊ नये. शिवाय २८७ व्या कलमात धर्मगुरूंना राजकीय पक्षात सक्रिय होण्यावर आणि कामगार संघटनांचं नेतृत्व करण्यावर जी बंधनं आहेत, ती ६७२ व्या कलमाने व्रतस्थांनाही लागू होतात. सर्वांच्या हितासाठी गरज असेल तर अधिकारी वरिष्ठ सूट देऊ शकतात. टीएनएआय ही व्यावसायिक संस्था आहे, कामगार संघटना नव्हे, म्हणून प्रॉव्हिन्शियलचं, म्हणजे संस्थेच्या प्रांतप्रमुख भगिनीचं, परवानगीपत्र बहुतेक वेळा मिळतं. पण मे २०२२ मध्ये सरकारी परिचारिकांनी बाह्यस्रोत भरतीविरुद्ध जसं काम बंद केलं, तसा प्रसंग आला की ही रेषा पुसट होते. म्हणून धर्मभगिनींनी परवानगी लेखी घ्यावी आणि पत्रात पदाचं नाव घालून घ्यावं.

आता अर्जाचं बघू, कारण कॅथलिक उमेदवारांचे अर्ज ज्या कारणाने अडकतात ते धर्माशी नाही, स्पेलिंगशी संबंधित आहे. बाप्तिस्म्याचं नाव एक, शाळेत दुसरं, लग्नानंतर आडनाव तिसरं. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणी प्रमाणपत्रावर डिसोजा, टीएनएआयच्या कार्डावर डिसोझा, आधारवर मधलं नाव गायब. लोपीस आणि लोपेस, रॉड्रिग्ज आणि रॉड्रिग्स, हे तर नेहमीचंच. छाननीच्या दिवशी विरोधी पॅनलची हुशार बाई नेमकं हेच काढते, आणि निवडणूक अधिकाऱ्याचे हात नियमाने बांधलेले असतात. मी स्वतः चांगले चांगले अर्ज या कारणावरून बाजूला ठेवलेत, आणि वाईट वाटूनही ठेवलेत. तुम्ही आजच तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा प्रतिज्ञापत्र लागेल, आणि कौन्सिलच्या खिडकीवरचं काम आठवड्यात होत नाही. कौन्सिलचं नूतनीकरण चालू आहे ना, तेही बघा. सूचक आणि अनुमोदक यांचंही सभासदत्व चालू असलं पाहिजे. तुमचं सगळं ठीक आणि सूचकाची वर्गणी बाकी, असं फार होतं. जमलं तर सूचक एका भाषेची आणि अनुमोदक दुसऱ्या भाषेची घ्या. अर्ज वाचणारी प्रत्येक जण आधी तेच बघते.

प्रचाराबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. हँडओव्हरच्या वेळी प्रचार करू नका, रुग्णाचं राहून जातं आणि मेट्रनच्या हातात कोलीत मिळतं. नाइटवाल्या मुलींना विसरू नका. सगळे उमेदवार सकाळच्या पाळीला भेटतात, नाइटला कुणी जात नाही. पुरुष परिचारकांशी वेगळं बोला, त्यांची संख्या वाढलीय आणि वसतिगृहापासून पोस्टिंगपर्यंत त्यांचे प्रश्न शाखेत कुणी मांडतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर संताच्या सणाच्या शुभेच्छा आणि निवडणुकीचं चिन्ह एकाच चित्रात टाकू नका. हसू नका, हे झालेलं आहे.

आणि २०२३ चा परिचर्या आयोगाचा कायदा मिळवून एकदा वाचा. १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी तो आणलाय आणि राज्याराज्यांत आयोग येणार आहेत. पुढच्या काही वर्षांत शाखेच्या पदाधिकाऱ्यांचा बराच वेळ यातच जाणार. परिचय सभेत यावर दोन मिनिटं नीट बोललात तर इतर उमेदवारांत तुम्ही उठून दिसाल, कारण बाकीच्या फक्त पगारावर बोलतील.

शाखेकडून नियमावली लेखी मागवा, तोंडी माहितीवर विसंबू नका. त्यात उमेदवाराच्या पात्रतेचं आणि किती वर्षांचं सभासदत्व हवं याचं कलम असेल. ते इथे टाकलंत, आणि तुमची नोकरी कायम की करारावर एवढं सांगितलंत, तर या फेरीला उभं राहावं की पुढच्या, यावर नक्की बोलता येईल.